आजीचं आयुष्य लिहून काढायचंय? आधी भाडेपावती शोधा

आमच्या घरात तिला सगळेच आये म्हणायचे. मुलं, नातवंडं, जावई, मजल्यावरचे शेजारी, इतकंच काय दूधवालासुद्धा. ती गेली तेव्हा तिचं वय किती यावरून दारातच वाद झाला. आधार कार्डाप्रमाणे ९१, रेशनकार्डाच्या हिशेबाने ९४, आणि मोठी आत्या शपथेवर सांगत होती की शंभरीला चारच वर्षं कमी होती. वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायचं ठरलं आणि "तू काहीतरी लिहीत असतेस ना" म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. लिहीत असते म्हणजे ऑफिसात मीटिंगचे वृत्तान्त लिहिते. पण आये असताना शेवटची दोन वर्षं मी तिला अधूनमधून मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, तेवढं भांडवल होतं.

त्या वर्षभरात जे चुकतमाकत शिकले ते इथे क्रमाने लिहिते. तुमच्या घरची आजी अजून समोर बसलेली असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तरी बरंच हाती लागतं.

सुरुवात नावांपासून

एक कोरी वही घ्या आणि पहिल्या पानावर तिची सगळी नावं लिहा. आपल्याकडे त्या पिढीतल्या बाईचं नाव एक नसतं. माहेरचं नाव वेगळं, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं सासरचं नाव वेगळं, शाळेत गेली असेल तर पटावरचं वेगळं आणि हाक मारायचं आणखी वेगळं. आमच्या आयेचं माहेरचं नाव तिच्या सख्ख्या मुलांपैकी दोघांना माहीत नव्हतं. हे नाव आधी न मिळवल्यामुळे माझा एक महिना फुकट गेला. गावच्या शाळेत मी सासरच्या नावाने दाखला मागत होते, आणि त्या नावाची मुलगी त्या शाळेत कधी शिकलीच नव्हती.

त्याच पानावर जन्मतारखा लिहा. अनेकवचनी. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती मास्तरांची कृपा समजा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराची तारीख बापाला ठाऊक नसायची, मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. आधारवर १ जानेवारी असेल तर तीही अंदाजाचीच धरा. कुठली खरी हे आत्ता ठरवू नका. कोणत्या कागदावर कोणती तारीख आहे एवढं नोंदवा आणि पुढे चला.

कागद मागायचे, पण आधी सगळ्यांना सांगून

आता गंमत ऐका. मी काकाला सहज म्हटलं, "काका, जुन्या भाडेपावत्या आहेत का?" काका दोन दिवस फोन उचलेना. तिसऱ्या दिवशी काकीचा फोन आला, "खोलीचं काय चाललंय तुमचं?" लालबागमधली पागडीची खोली, म्हणजे भाडेपावतीवर ज्याचं नाव त्याचा हक्क, त्यात चाळ पुनर्विकासाला निघालेली, आणि धाकट्या भावाची मुलगी पावत्या मागतेय! माझ्याच घरात मी आठवडाभर संशयित होते.

म्हणून ही पायरी चुकवू नका. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच स्पष्ट लिहा: आजीच्या आठवणींची पुस्तिका करतोय, कागदांचे फक्त फोटो घेणार, मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहणार. मग ज्याच्या घरी कागद आहेत त्याच्या समोर बसून, चहा पिऊन फोटो काढा. पुस्तिकेत आधारचा नंबर, बँकेचा खातेनंबर, खोलीचे हक्काचे कागद यातलं काहीही छापू नका.

काय काय शोधायचं? भाडेपावत्या सगळ्यात आधी, कारण चाळीतल्या कुटुंबाच्या हालचालींचा तो सगळ्यात भरवशाचा पुरावा. पावती कोणाच्या नावावर होती आणि ती कधी बदलली, यातून कोण कधी वारलं, कोण कधी वेगळं झालं ते कळतं. मग जुनी रेशनकार्डं, म्हणजे त्या साली घरात माणसं किती आणि कोणत्या वयाची. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. आजोबा गिरणीत असतील तर त्यांचा पास, फंडाचे कागद. गॅसचं पुस्तक, कारण घरात गॅस कधी आला ही बाईच्या आयुष्यातली लग्नाइतकीच मोठी तारीख.

आणि जुनी कालनिर्णयं. हसू नका. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं आणि तेव्हापासून मराठी घरातल्या बायकांनी त्याच्या चौकोनांत जे लिहून ठेवलंय ते कुठल्या रोजनिशीत सापडायचं नाही. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, भिशीचा नंबर, कोणाला किती उसने दिले. आयेला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे आत्याच्या हातची अक्षरं आणि आयेच्या हातच्या खुणा. दूध आलं नाही त्या दिवशी फुली. सासरे गेले त्या महिन्यातल्या ओळीने बारा फुल्या मी सहा महिने दुधाच्याच समजत होते.

साल विचारू नका, घटना विचारा

"तू मुंबईत कोणत्या साली आलीस?" या प्रश्नाला त्या पिढीकडून उत्तर मिळत नाही. मिळालं तर बहुधा चुकीचं मिळतं. पण "तेव्हा ट्राम होती का गं?" याला मिळतं. म्हणून मुलाखतीला बसण्याआधी मुंबईच्या ठळक तारखांचा एक कागद जवळ ठेवा. माझ्या कागदावर या होत्या:

१४ एप्रिल १९४४, गोदीतला स्फोट. १७ जुलै १९४७, रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर महिन्याच्या आत स्वातंत्र्य. ३० जानेवारी १९४८, गांधीजींची हत्या. २१ नोव्हेंबर १९५५, फ्लोरा फाउंटनचा गोळीबार. १ एप्रिल १९५७, नवे पैसे आले. १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य. ३१ मार्च १९६४, शेवटची ट्राम धावली (दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, या नावातली एक टी तेवढी उरली). ११ डिसेंबर १९६७, पहाटे कोयनेचा भूकंप, मुंबईतही भांडी वाजली. १९७१, लढाईतला ब्लॅकआउट. २ ऑक्टोबर १९७२, मुंबई दूरदर्शन. १८ जानेवारी १९८२, गिरण्यांचा संप. १२ मार्च १९९३, बॉम्बस्फोट. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस.

हा कागद कसा वापरायचा ते आमच्याच उदाहरणाने सांगते. आये बोटीने आली एवढंच घरात माहीत होतं. ती म्हणायची की लग्न ठरलं आणि रामदास बुडाली. बोटीच्या भीतीने तिच्या बापाने पाठवणी लांबवली. म्हणजे जुलै १९४७ नंतर. मग एकदा बोलताबोलता म्हणाली, "गांधी गेले तेच्या फुडचो शिमगो करून मगे आम्ही इलंव." म्हणजे मार्च १९४८ नंतर. आणि आमच्या तळकोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. म्हणजे जूनच्या आधी. झालं! मार्च ते मे १९४८. एकही साल न विचारता तीन महिन्यांपर्यंत येऊन पोचलो. त्यावर्षी तिला सतरावं लागलं होतं असं ती म्हणायची, तेव्हा जन्म १९३१च्या आसपास. रेशनकार्ड जिंकलं, आत्या हरली. आत्याला अजून हे मान्य नाही.

एक सावधगिरी. किंमत आण्यांत सांगितली म्हणून गोष्ट १९५७ च्या आधीची असं धरू नका. आये शेवटपर्यंत पाव रुपयाला चार आणेच म्हणायची.

तिथी सांगितली असेल, म्हणजे 'नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी' वगैरे, तर त्या सालचं पंचांग बघायचं. दाते पंचांग गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून निघतंय, गावात भटजींकडे जुनी बाडं असतात. जुनी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं धुंडाळायची हौस असेल तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. पण खरं सांगू, घरगुती पुस्तिकेसाठी इतकं खोल जायची गरज नाही.

विचारायचं कसं

आजी हयात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे करा.

पहिल्या दिवशी मी फोन समोर ठेवून म्हटलं, "आये, तुझं आयुष्य सांग." तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "माका काय इचारतस? माज्यात काय आसा?" पाच मिनिटांत रेकॉर्डिंग संपलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण कोणता?" त्यावर "गप रव" एवढंच.

तिसऱ्या वेळी ती मेथी निवडत होती. मी समोर बसून जुडी हातात घेतली आणि विचारलं, चाळीत नळाला पाणी किती वाजता यायचं? चाळीस मिनिटं बोलली. पाणी पहाटे यायचं, नंबर हंड्यांचे लागायचे, कोणी कोणाचा हंडा मागे सरकवला आणि त्यावरून दोन घरांत अकरा वर्षं बोलणं कसं बंद होतं, सगळं. तेव्हा मला कळलं की आठवण सालाला चिकटलेली नसते, वस्तूला आणि जागेला चिकटलेली असते. वस्तू हातात द्या, नाही तर काम हातात असताना विचारा.

माझ्याकडे चालले ते प्रश्न: मुंबईत पहिली रात्र कुठे झोपलीस? कोळशाची शेगडी जाऊन स्टो कधी आला, पहिल्यांदा तो कोणी पेटवला? रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहायचं? बाळंतपणं कुठे झाली, माहेरी की इथे? घरात पहिला पंखा कोणी आणला?

आणि सगळ्यात उपयोगी पडलेला: अंगावरचा कुठला दागिना कशासाठी मोडला? हा एकच प्रश्न मनापासून विचारलात तर अख्ख्या घराचा जमाखर्च बाहेर येतो. आमच्या आयेच्या दोन पाटल्या काकाच्या आयटीआयला गेल्या, बोरमाळ संपाच्या दुसऱ्या वर्षी, कुडी आत्याच्या लग्नात. मंगळसूत्रातल्या दोन वाट्या तेवढ्या उरल्या. या चार ओळी मी पुस्तिकेत वेगळ्या पानावर घातल्या आणि त्यावर एक शब्दही भाष्य केलं नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. दुपारची झोप झाल्यावर, चारच्या चहाला बसा. फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून हातभर अंतरावर. पंखा मंद करा, कुकर लावू नका. अर्ध्या तासाच्या वर ताणू नका. संपल्यावर लगेच फाइलला तारीख आणि विषयाचं नाव द्या, नाही तर 'रेकॉर्डिंग ४७' मध्ये काय आहे ते शोधताना वेड लागेल. त्याच रात्री दुसऱ्या दोन ठिकाणी प्रत ठेवा. मोबाइलवर बोलून मराठी टाइप होतं हे खरं, पण मालवणी आली की त्याची गाडी अडते. ते हातानेच उतरवावं लागतं. उतरवा. तिची बोली सुधारून प्रमाण मराठी करू नका.

ओव्या येत असतील तर त्या आधी. जात्यावर बसलेली शेवटची पिढी आहे ही. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. तुमच्या आजीच्या चार त्यात असतीलच असं नाही.

आणि "बंद कर ता" असं ती म्हणाली की बंद करायचं. आयेची दोन मुलं लहानपणी गेली. त्याबद्दल ती एकदाच बोलली, फोन बंद असताना. ते मी लिहिलेलं नाही. फक्त वंशावळीत त्यांची नावं घातली. ती आधी कुठेच नव्हती.

खोलीचा नकाशा काढा

ही युक्ती आजी नसतानाही चालते. मोठ्या कागदावर खोलीचा चौकोन काढा. दार, खिडकी, मोरी, गॅलरी. मग काका, आत्या, आतेभावंडं जमलेली असताना तो मधे ठेवा आणि विचारा, कोण कुठे झोपायचं? वाद सुरू झाला की काम झालं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. आमची खासगी चाळीतली, जवळपास तेवढीच. तेवढ्यात आमची नऊ माणसं आणि आयेच्या खानावळीला येणारे गावचे सातआठ जण. बाहेर गॅलरीत कोण, माळ्यावर कोण, रातपाळीवाला आला की कोणाची वळकटी उचलायची, हे सगळं त्या नकाशावर नावांनिशी उतरलं. आयेची जागा कुठे हे मात्र कोणालाच सांगता येईना. शेवटी धाकटी आत्या म्हणाली, "ती झोपलेली मी कधी बघितलीच नाही."

चाळ अजून उभी असेल तर या रविवारीच जाऊन फोटो काढा. जिना, नळ, दारावरची पाटी, गॅलरीतून दिसणारं आकाश. गिरणगावात पुढच्या दिवाळीपर्यंत काय उभं असेल सांगता येत नाही.

फोटो

काळ्या कागदाच्या अल्बममधून फोटो उचकटू नका. पानासकट, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून टिपा. सुटे फोटो स्कॅन करता आले तर उत्तम. नातेवाइकांना म्हणावं की व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि छापताना फुटतो.

मागची बाजू बघायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का असतो. त्यावर 'मुंबई १२' असं दोन आकडी असेल तर फोटो बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा, कारण त्या दिवशी सहा आकडी पिनकोड आला आणि १२ चं ४०००१२ झालं. अर्थात काटकसरी स्टुडिओवाले जुना शिक्का पुढेही वापरत असणार, म्हणून 'बहुधा'. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा व्रण पुढे उमटतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत सोडवता येत नाही.

आणि हे सगळं दिवाळीनंतर करा. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटातून अल्बम बाहेर काढणं म्हणजे बुरशीला आवतण.

लिहिताना

पहिल्या खर्ड्यात मी तिला देवी केली होती. कष्टाळू, सोशिक, मायाळू वगैरे. आत्याने वाचून विचारलं, "ही कोण?" तेव्हा विशेषणं सगळी काढली आणि त्या जागी तिने केलेली कामं लिहिली. आपोआप निम्मं झालं आणि बरं झालं. तिचा चिडका स्वभाव राहू दिला. एका सुनेशी ती शेवटपर्यंत नीट वागली नाही, तेही त्या काकीला विचारून एका वाक्यात ठेवलं. काकी म्हणाली, "ठेव. सगळ्यांना ठाऊकच आहे."

घरातल्या दंतकथांचं काय करायचं, हा खरा कठीण भाग. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. १९८२ च्या संपात घर आयेच्या खानावळीवर चाललं. आमच्याकडे पूर्वापार सांगितलं जातं की जेवायला येणारे सगळे संपात गेल्यामुळे आयेने सगळ्यांची उधारी माफ केली. मग माळ्यावर तिची हिशेबाची वही सापडली. प्रत्येकाच्या पानावर उभ्या रेघा, एक रेघ म्हणजे पाच रुपये. त्या रेघा संपानंतरही सहासात वर्षं चालू होत्या. तिला एकदा विचारलेलं रेकॉर्डिंगही होतं माझ्याकडे: "माफ कोणी केली? जमला तसे दिल्यानी."

म्हणजे तिने माफ केलं नव्हतं, थांबली होती. मी दोन्ही लिहिलं. आधी घरात काय सांगतात ते, खाली वहीच्या पानाचा फोटो. तुम्हीही असंच करा. दंतकथा खोडू नका आणि पुरावा लपवू नका.

तेराव्याला दोन मिनिटं बोलायचं म्हणून कोणी हे वाचत असेल तर एवढा व्याप नको. ती रोज करायची असं एक काम, ती नेहमी म्हणायची असं एक वाक्य, आणि तुम्ही तिची खाल्लेली एक बोलणी. बसा खाली.

छपाई

ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून पुस्तिकेची पानं चारच्या पटीत ठेवा. मधे दोन पिना मारल्या की झालं, कुठलाही बरा डिजिटल छपाईवाला करून देतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि त्याला पीडीएफ द्या, नाही तर जोडाक्षरं फुटतात. आधी एकच प्रत काढा आणि घरातल्या सगळ्यात भांडखोर माणसाला वाचायला द्या.

आम्ही छत्तीस पानांची केली, चाळीस प्रती. शेवटची चार पानं मुद्दाम कोरी सोडली होती. वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर मोठ्या आत्याने चष्मा लावला, चौथ्या पानावर थांबली आणि म्हणाली, "बोट विजयदुर्गाहून नाही गो, देवगडाहून." मग तिने कोऱ्या पानावर ते लिहायला काहीतरी मागितलं आणि त्या भरल्या घरात लिहायला एक साधन सापडेना. शेवटी नातवाच्या कंपासपेटीतली बोथट पेन्सिल आली. तिच्यामागे काका, मग काकी, मग गावाहून आलेले चुलत आजोबा. तुम्ही प्रती वाटाल तेव्हा दहाबारा पेन्सिली टोक काढून ठेवा.